तीनच हलते भाग, म्हणतोस?

सिडनी
रविवार

प्रिय दिलीप,

रोटरी इंजिनाबद्दलचा, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या वांकेल इंजिनाबद्दलचा, तुझा मेसेज वाचला. ‘व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, कनेक्टिंग रॉड नाही. दोन रोटर आणि एक शाफ्ट, तीनच हलते भाग. आपल्या शिरोली एमआयडीसीत आरामात होईल की रे!’ होईल भावा, शिरोलीत काय होत नाही? पण हलते भाग मोजून अंदाज बांधू नकोस. या इंजिनाची सगळी मेख न हलणाऱ्या भागांत आहे. फोनवर सांगायला गेलो की तू मध्येच तुझ्या व्हीएमसी मिलिंग मशीनचं पुराण लावतोस, म्हणून निवांत लिहितोय.

आधी भूमिती. इथल्या ड्रॅगवाल्यांच्या (सरळ रेषेत पाव मैल शर्यत लावणाऱ्यांच्या) गाडीत बहुतेक वेळा माझदाचं १३बी असतं. शाफ्टचा लोब (ज्यावर रोटर बसतो तो फुगवटा) केंद्रापासून १५ मिमी सरकलेला, रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंत १०५ मिमी, रुंदी ८० मिमी. रोटरच्या आत ५१ दातांचा गिअर, तो ३४ दातांच्या स्थिर गिअरभोवती फिरतो, त्यामुळे शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक. आता कॅल्क्युलेटर काढ. सेंटिमीटरमध्ये १.५ गुणिले १०.५ गुणिले ८, आणि त्याला तीनच्या वर्गमुळाच्या तिपटीनं गुण. ६५४ आले? तेवढेच सीसी एका चेंबरचे, दोन रोटर मिळून १३०८. इतक्या स्वच्छ आकड्यांचं इंजिन मी दुसरं पाहिलेलं नाही.

हाऊसिंगच्या, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या, आतली ती कमरेत दबलेली रेघ म्हणजे एपिट्रोकॉइड. समीकरण दोन ओळींचं, तुझा पोरगाही प्रोग्राम लिहील. पण कापायची रेघ ती नव्हे. रोटरच्या तिन्ही टोकांना वायू अडवणारं सील असतं, त्याचं टोक गोल असतं, म्हणून खरी रेघ त्या गोलाईच्या त्रिज्येएवढी बाहेर, समांतर घ्यावी लागते. त्यावर क्रोम, आणि मग त्याच वळणावर फिनिशिंग. आम्ही हे शॉपमध्ये करत नाही, हाऊसिंग तयार आणतो. तूही त्या भानगडीत पडू नकोस.

सीलनं तर भल्याभल्यांना रडवलंय. वांकेलचं पहिलं इंजिन १९५७ साली जर्मनीत एनएसयू कंपनीत फिरलं, पण ते टिकाऊ करून दाखवलं हिरोशिमाच्या माझदानं. सील थरथरायचं आणि हाऊसिंगच्या आत आडव्या ओरखड्यांच्या रांगा उठायच्या. तिथले इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतोंच्या गटानं कार्बन आणि ॲल्युमिनियमचं सील काढून तो प्रश्न मिटवला, तेव्हा कुठे १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. १९९१ ला ल मांची २४ तासांची शर्यत जिंकलेली माझदाची ७८७बी तुला ठाऊकच आहे, तिच्या पोस्टरपायी हॉस्टेलवर भांडणं झालीत आपली.

इकडे हे वेड कसं रुजलं, तर सत्तरच्या दशकात आर१००, आरएक्स-२, आरएक्स-३ अशा हलक्या, छोट्या माझदा इथे आल्या. वजन कमी, इंजिन दोन माणसांनी उचलावं एवढं, आणि दोन-तीन रोटर एकापुढे एक लावायची सोय. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि तिकडे पोर्तो रिको, या तीन ठिकाणी रोटरीवाल्यांची जातच वेगळी. आमच्या ईस्टर्न क्रीकच्या ट्रॅकवर बाकी गाड्या सुटतात तेव्हा लोक खात असतात. रोटरी स्टार्ट लाइनला आली की उठून कठड्याला जाऊन उभे राहतात. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, चांगली गाडी सहा-साडेसहा सेकंदांत काढते आणि पलीकडे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर असते. आवाजाचं मी काही लिहीत नाही, ये आणि ऐक. कानात बोळे मात्र घाल.

आता मुद्द्यावर येतो. १३बी म्हणजे एकमेकांवर रचलेली चळत आहे: बीडाची प्लेट, हाऊसिंग, मधली प्लेट, हाऊसिंग, मागची प्लेट, आणि आरपार लांब बोल्ट. एका ओतकामाचा ब्लॉक नाहीच. कारखान्यातून निघालेल्या टर्बो आरएक्स-७ च्या अडीचशे घोड्यांना (हॉर्सपॉवरला) ती चळत निमूट बसते. तू तिच्यात मोठा टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) आणि मिथेनॉल इंधन घालून हजाराच्या वर मागितलेस की ती पिळायला लागते. प्रत्येक थर शेजारच्यावर केसभर सरकतो. बोल्ट भोकात सैल असतात, त्यामुळे सगळा पीळ दोन डॉवेलांवर (थर जागेवर धरणाऱ्या घट्ट पिनांवर) येतो, आणि बीड डॉवेलच्या भोकापाशी तडकतं. मग पाणी तेलात, तेल पाण्यात.

यावर इलाज दोन. पहिला, भोकं रीम करून (नेमक्या मापाला वाढवून) मोठे स्टड, म्हणजे आटे पाडलेले दांडे, घट्ट बसवायचे, म्हणजे प्रत्येक स्टड डॉवेलचंही काम करतो. दुसरा, बीड सोडून ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून प्लेटा कापायच्या, घासणाऱ्या बाजूवर कठीण थर देऊन. माझं निम्मं आयुष्य सध्या या दुसऱ्या इलाजात चाललंय. कापणं सोपं आहे. अडतं ते सपाटीत. रोटरच्या बाजूची सीलं थेट त्या प्लेटवर घासतात, म्हणून क्लॅम्प सोडल्यावर प्लेट वाकडी झाली की सगळं गेलं. आम्ही रफ करतो, सोडतो, दोन दिवस तशीच ठेवतो, मग फिनिश करून लॅपिंग, म्हणजे बारीक घासून सपाट करणं. गिऱ्हाईक रोज फोन करतं, मालक रोज तेच उत्तर देतो.

शाफ्टचंही ऐक. दोन रोटरचा शाफ्ट दोन टोकांनाच बेअरिंगवर असतो, मध्ये आधार नाही. फेरे वाढले की वाकतो आणि रोटर प्लेटला जाऊन लागतो. म्हणून रोटरच्या कडा आधीच थोड्या उतरवायच्या, किंवा मध्ये बेअरिंग देऊन शाफ्ट दोन तुकड्यांत करायचा. माझदानंच तीन रोटरच्या २०बी मध्ये टेपरवर जोडलेला दोन तुकड्यांचा शाफ्ट दिला होता. तो टेपर बघताना तुला तुझ्या ग्राइंडरवाल्या आबांची आठवण येईल.

जोडणीचं काम मला सगळ्यात आवडतं. एका रोटरला तीन टोकाची सीलं, सहा कोपऱ्यांची, सहा बाजूंची. बाजूचं प्रत्येक सील त्याच्याच खाचेत ठेवून कोपऱ्याशी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावायचा, पाच-सहा शतांश मिलीमीटर फट येईपर्यंत बारीक कानशीनं टोक घासायचं. ते सील मग त्याच खाचेचं, दुसरीकडे चालत नाही. रोटर उचलताना ती पडू नयेत म्हणून सगळी चक्क व्हॅसलिननं चिकटवायची. लाखोंचं इंजिन आणि मेडिकलमधली डबी!

आणि एवढं करून ट्यूनिंग चुकलं तर? डिटोनेशनच्या (इंधनाच्या अवेळी स्फोटाच्या) एका ठोक्यात टोकाचं सील तुटतं, तुकडा एक्झॉस्टमधून निघतो आणि जाता जाता टर्बोची पाती घेऊन जातो. मिथेनॉल इंजिन थंड ठेवतं खरं, पण पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं आणि धातू खातं. म्हणून संध्याकाळी घरी जाण्याआधी पेट्रोल-तेलावर इंजिन फिरवून सगळी वाट धुऊन घ्यावी लागते.

तर, तुझ्याजोगं काम म्हणजे ते स्टड. हाऊसिंग नाही, रोटर नाही. मिश्र पोलाद, हार्डनिंग करून ग्राइंड केलेले, डॉवेलसारख्या बसणाऱ्या लांबीत व्यास चोख आणि पूर्ण लांबीत सरळ. ड्रॉइंग सोबत पाठवतोय. तुझ्या सेंटरलेस ग्राइंडरवर एवढ्या लांबीला सरळपणा किती धरता येतो ते आधी मोजून कळव, अंदाजे नको. हीट ट्रीटमेंट कुणाकडून करतोस तेही लिही. दराचं नंतर बोलू, आणि मित्र म्हणून कमी लावू नकोस; फार स्वस्त दिसलं की आमच्या मालकाला मालावरच संशय येतो.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोराला आठवण सांग.

तुझा,
सुध्या