बर्लिनला समुद्र नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळी सहलींच्या जाहिराती हल्ली दिवाळीपासूनच वर्तमानपत्रांत झळकू लागतात आणि त्यांत उत्तर युरोपच्या क्रूझचाही भरणा असतो. कोपनहेगन, स्टॉकहोम, टॅलिन, हेलसिंकी, बर्गन अशी नावे त्यांत एका ओळीत छापलेली असतात. पण जहाज नेमके कोणत्या धक्क्याला लागणार आणि तेथे किती तास थांबणार, याचा त्यांत उल्लेख नसतो. सोलापुरातील आम्ही दोन निवृत्त जोडपी गेले सहा महिने अशाच एका प्रवासाची आखणी करीत आहोत. या दोन गोष्टी जाहिरातीतच छापल्या जाव्यात, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

शहरातील एका प्रवासी कंपनीने आम्हाला दिलेल्या पत्रकात सहाव्या दिवसासमोर 'बर्लिन' असे लिहिले होते. मी आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला असल्यामुळे बर्लिनला समुद्र नाही एवढे मला ठाऊक होते. विचारणा केल्यावर कळले, की जहाज बाल्टिक किनाऱ्यावरील वॉर्नेम्युंडे या बंदराला लागते आणि तेथून बर्लिनला जायला सुमारे तीन तास व परत यायला तितकेच तास लागतात. हे अंतर जवळपास सोलापूर ते पुणे इतके आहे. जहाज सकाळी सात ते संध्याकाळी सात थांबले, तरी उतरण्या-चढण्याचा वेळ वजा जाता बर्लिनच्या वाट्याला जेमतेम चार-पाच तास येतात, आणि या फेरीचे पैसे वेगळे भरायचे असतात, हे पत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरांत होते. वॉर्नेम्युंडेहून लोकलने वीस-पंचवीस मिनिटांवर रोस्टॉक हे जुने व्यापारी शहर आहे. तेथील विद्यापीठ १४१९ सालचे आहे. त्या शहराचे नावही पत्रकात नव्हते.

स्टॉकहोमची गोष्ट याहून नाजूक आहे. काही मोठी जहाजे शहरात न येता साठेक किलोमीटर दक्षिणेला न्यूनेसहाम्न येथे थांबतात. त्यात जाण्यायेण्याचा वेळ जातो, हे तर झालेच. पण शहराकडे येणारे जहाज हजारो लहानमोठ्या बेटांमधून काही तास वाट काढत येते, आणि न्यूनेसहाम्नलाच थांबल्यास या प्रवासातील हा उत्तम देखावाच हुकतो. शहरातच धक्का मिळाला, तर 'वासा' ही संग्रहालयात ठेवलेली जुनी युद्धनौका निवांत पाहता येते. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर बंदर सोडता सोडता ते बुडाले आणि ३३३ वर्षांनी, १९६१ साली, वर काढले गेले. बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात लाकूड खाणारा समुद्री किडा जगत नाही, म्हणून ते टिकले.

या बंदरांना जोडणारे सूत्र म्हणजे 'हान्झा' हा मध्ययुगातील व्यापारी नगरांचा संघ. जर्मनीतील ल्यूबेक हे त्याचे प्रमुख नगर, आणि नॉर्वेतील बर्गनला त्याची वखार. सुरतेच्या वखारीविषयी शाळेत शिकलेल्या आपल्या वाचकाला बर्गनचा ब्रिगन हा लाकडी भाग चटकन उमगेल. साधारण १३६० पासून येथे जर्मन व्यापाऱ्यांचे ठाणे होते. उत्तर नॉर्वेतून सुकवलेला कॉड मासा यायचा आणि त्याच्या बदल्यात धान्य जायचे. आगीच्या धास्तीने या लाकडी घरांत विस्तव पेटवायला मनाई होती. कडाक्याच्या थंडीत सर्वांनी मागच्या बाजूच्या सामाईक दालनांत जाऊन शेकायचे आणि जेवायचे. एवढे करूनही १७०२ साली ब्रिगन जळालेच, आणि पुन्हा जुन्याच घडणीने उभे राहिले. (सुक्या मासळीच्या जोरावर एवढा डोलारा उभा राहतो, हे आमच्या शाकाहारी सौभाग्यवतींना अद्याप पटलेले नाही.) एस्टोनियाची राजधानी टॅलिन, तिचा धक्का जुन्या तटबंदीच्या गावापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. तेथील चौकातले औषधांचे दुकान १४२२ सालीही चालू होते, अशी नोंद सापडते. जेथे धक्क्यावरून चालत गावात शिरता येते, तेथे मार्गदर्शकासह सहल विकत घेण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

नॉर्वेच्या फ्योर्डबाबत, म्हणजे डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांबाबत, विचारायचा प्रश्न वेगळा आहे. गायरांगर फ्योर्ड दिसतो तो धक्क्यावर नव्हे, तर आत शिरताना. त्यामुळे जहाज त्यात किती वाजता शिरते, हे महत्त्वाचे. ही वेळ पुष्कळदा भल्या पहाटेची असते. जूनमध्ये त्या अक्षांशावर पहाटे चारलाही लख्ख उजेड असतो आणि बर्फ वितळत असल्याने धबधबे भरून वाहतात. तेव्हा गजर लावून डेकवर जावे. डेक सर्वांचा असतो, म्हणून बाल्कनीच्या खोलीसाठी जादा पैसे मोजण्याऐवजी आम्ही बिनखिडकीची खोली घेत आहोत. जागतिक वारसा ठरलेल्या फ्योर्डमध्ये धूर न सोडणाऱ्या प्रवासी जहाजांनाच प्रवेश, असा नॉर्वेचा नियम असून लहान जहाजांना तो २०२६ पासून लागू आहे व मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत आहे.

व्हिसाचे थोडक्यात सांगतो. कोपनहेगनहून निघून बाल्टिक फिरून परत येणाऱ्या जहाजाला एक शेंगेन व्हिसा (युरोपातील बहुतेक देशांना मिळून चालणारा) पुरतो. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनहून निघणाऱ्या जहाजासाठी ब्रिटनचा व्हिसा निराळा लागतो. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. बोटांचे ठसे देण्यासाठी सोलापूरकराला पुण्या-मुंबईची खेप पडते, तीही खर्चात धरावी. एकेकाळी या मार्गाचा मुकुटमणी असलेले सेंट पीटर्सबर्ग बहुतेक क्रूझ कंपन्यांनी २०२२ पासून वगळले आहे. जुन्या प्रवासवर्णनांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

हयातभराच्या बचतीतून असा प्रवास एकदाच करणारी माणसे आमच्या गावात पुष्कळ आहेत. क्रूझची जाहिरात स्वीकारताना प्रत्येक मुक्कामापुढे बंदराचे खरे नाव आणि येण्या-निघण्याची वेळ छापण्याची अट आपल्या दैनिकाने घालावी, ही विनंती. त्याला फार तर एक ओळ जास्त लागेल. आम्ही आमच्या पत्रकावर ती हाताने लिहून काढली, आणि त्यानंतर बर्लिनवर काट मारून रोस्टॉक लिहिले.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर