असेम्बल संगणकाच्या बिलावर रॅमचा पूर्ण तपशील हवा

महोदय,

‘विंडोज १०’चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्यापासून जुने संगणक भंगारात काढण्याचा सल्ला दुकानादुकानांतून सर्रास दिला जात आहे. सुटे भाग घेऊन जोडलेला, म्हणजे ज्याला आपण ‘असेम्बल’ म्हणतो तो संगणक ज्यांच्याकडे आहे, त्यांना तर हा सल्ला फारच ठामपणे दिला जातो. माझा अनुभव वेगळा आहे आणि त्यातून सुचलेली एक मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

२०१२ मध्ये मुलीच्या अभ्यासासाठी आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग घेऊन संगणक जोडून घेतला. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर जोडले जातात ती मुख्य पाटी) आणि २ जीबीची एकच डीडीआर-३ प्रकारची रॅम (चालू काम तात्पुरते धरून ठेवणारी स्मृती). तेव्हा तेवढी पुरत असे. अलीकडे मात्र ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की हार्ड डिस्कचा दिवा विझायचे नाव घेत नसे, कारण रॅम भरली की संगणक तिच्यातला काही भाग हार्ड डिस्कवर उतरवत बसतो आणि हार्ड डिस्क रॅमच्या मानाने अतिशय मंद असते. म्हणून मी जवळच्या एका दुकानातून ८ जीबीची डीडीआर-३ रॅम आणली. जुनी काढून नवी बसवली, दोन्ही टोकांच्या क्लिपा ‘टक्’ करून मिटल्या, पंखा फिरू लागला. पडदा मात्र काळाच राहिला आणि आतून थांबून थांबून बीप ऐकू येऊ लागली. दुकानदाराने संगणक न पाहताच मदरबोर्ड गेल्याचे सांगितले आणि नव्या संगणकाचे दरपत्रक माझ्या हाती ठेवले.

जुनी रॅम परत लावताच संगणक सुरू झाला, म्हणजे मदरबोर्ड धडधाकट होता. मुलीने नवी रॅम उजेडात धरून पाहिली तेव्हा तिच्या एकाच बाजूला आठ काळ्या चिपा होत्या आणि दुसरी बाजू कोरी होती. खरा घोटाळा तिथेच होता. त्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांना डीडीआर-३ ची एकेक चिप जास्तीत जास्त ४ गिगाबिटचीच, म्हणजे अर्ध्या जीबीचीच चालते. त्यामुळे ८ जीबीच्या रॅमवर दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा असाव्या लागतात. आठच चिपांत ८ जीबी बसवलेली रॅम त्याच स्लॉटमध्ये (रॅम खोचायच्या जागेत) चपखल बसते, पण त्या प्रोसेसरला ती वाचताच येत नाही. याशिवाय केवळ एएमडी या इंटेलच्या स्पर्धक कंपनीचा प्रोसेसर असलेल्या संगणकांवर चालणारी डीडीआर-३ रॅमही बाजारात स्वस्तात मिळते आणि ती घेऊन फसलेले इंटेलवाले मी पाहिले आहेत. पुढच्या पिढीच्या डीडीआर-४ च्या बाबतीत निदान रॅमच्या कडेवरील खाचेची जागाच वेगळी असल्याने ती चुकून बसत तरी नाही.

दुसऱ्या दुकानातून आणलेली सोळा चिपांची रॅम पहिल्याच खेपेस चालली. शेजारच्या स्लॉटमध्ये जुनी २ जीबी ठेवली. घरातले विंडोज ३२ बिटचे असल्याने १० जीबीपैकी सव्वातीनच्या आसपासच वापरात येत होती. तेव्हा विंडोजऐवजी ६४ बिटची लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घातली आणि पाठिंबा संपलेल्या विंडोजचा प्रश्नही सुटला. हार्ड डिस्क जुनीच असल्याने संगणक सुरू व्हायला अजूनही वेळ लागतो, हे मान्य करायला हवे. पण एकदा सुरू झाला की बँकेची कामे, पत्रलेखन, व्हिडिओ कॉल सगळे बिनतक्रार चालते.

ब्रँडेड संगणकाच्या मागे निदान एक कंपनी उभी असते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये जे पोर्टल सुरू केले, त्याचीही सारी भिस्त कंपन्यांनी दिलेल्या माहितीवर आहे. असेम्बल संगणकाला अशी एकच एक कंपनी नसते. त्याचे कागदपत्र म्हणजे दुकानदाराचे बिल, आणि आमच्या बिलावर ‘मदरबोर्ड १, रॅम १’ एवढेच लिहिले होते. मदरबोर्डची पुस्तिका खोक्याबरोबर दुकानातच राहिली होती.

वस्तूचा दर्जा व मानक यांची माहिती मिळणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला हक्क आहे. त्याला धरून असेम्बल संगणक विकताना मदरबोर्डचे पूर्ण मॉडेल, रॅमचा प्रकार व वेग, रॅमचे एकूण स्लॉट आणि जास्तीत जास्त किती रॅम चालेल, हे चार तपशील बिलावर लिहिणे आणि मदरबोर्डची पुस्तिका ग्राहकाच्या हाती देणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे. सुटी रॅम विकताना ती कोणत्या प्रोसेसरवर चालत नाही हेही बिलावर यावे, आणि न चालल्यास ती आठ दिवसांत बदलून मिळावी. संगणक विक्रेत्यांच्या संघटनांनी शासनाच्या आदेशाची वाट न पाहता याची सुरुवात करावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, डोंबिवली