बाबा, दुखणं सोसू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

"त्या मॉर्फिननं प्रतिकारशक्ती जाते म्हणे, मी सोसेन," असं काल बाबा त्यांच्या येत्या ऑपरेशननंतरच्या दुखण्याबद्दल म्हणाले आणि मागून आई, "त्यापेक्षा अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेऊ." फोनवर मी नुसतं हं हं केलं, म्हणून आता लिहिते.

बाबा, तुमची शंका हवेतली नाही. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांत मॉर्फिन, फेंटानिल ही अफूच्या जातीची वेदनाशामकं विषाणू नि कर्कपेशी टिपणाऱ्या पांढऱ्या पेशींचा जोर कमी करतात. पण ऑपरेशनचा घाव आणि ताणानं वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरकही त्याच पेशींना दमवतं. आणि दुखणंसुद्धा! पोट उघडलेल्या उंदरांना मॉर्फिन दिलं, तर त्यांच्या फुप्फुसात कर्करोग उलट कमी पसरला. म्हणजे कण्हत पडून राहिल्यानं प्रतिकारशक्ती वाचते, हा हिशोबच चुकीचा.

हर्नियाच्या वेळी पोटावर उशी दाबून खोकला गिळत बसला होतात, आठवतंय? कफ तसाच साचला की न्यूमोनियाला आमंत्रण. माझी खरी धास्ती ती आहे.

आता आई, तुझ्या सुया. 1971 मध्ये जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकाराचं अपेंडिक्स बीजिंगमध्ये काढलं. ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनवरच झालं. सुया लागल्या त्या दुसऱ्या रात्री, पोट फुगून दुखायला लागल्यावर. लोक मात्र सांगतात सुयांवर ऑपरेशन झालं! गंमत म्हणजे सुया टोचल्यावर शरीर स्वतःचीच अफू, म्हणजे एंडॉर्फिन, सोडतं. मॉर्फिन उतरवणारं नॅलोक्सोन दिलं की प्रयोगांत सुयांचा गुणही बराचसा उतरतो. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वरच्या बिंदूनं ऑपरेशननंतरची मळमळ कमी होते, याला चांगला आधार आहे. रक्तातल्या पेशींचे आकडे सुधारल्याचे छोटे अभ्यासही आहेत, पण त्यावर जखम पिकणार नाही असं मी तरी म्हणणार नाही.

तेव्हा सुया घ्या, पण औषधाच्या जोडीला. सर्जनना आधी विचारा, कारण बाबांची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या हव्यात. भूलतज्ज्ञांना नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) आणि पॅरासिटामॉलचं विचारा; त्यानं मॉर्फिन कमी लागतं. पोट साफ होण्याचं औषधही मागून घ्या, संकोच नको.

मी गुरुवारी रात्री पोचते. आई, ती उशी बॅगेत भर, खोकताना लागेल.

तुमची,
मुलगी