उद्या सकाळी नऊच्या आत

पिंपरी, गुरुवार

प्रिय संदेश,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

काल रात्री मी फोनवर आवाज चढवला आणि तू फोन ठेवून दिलास. सुरुवात मी केली, म्हणून आधी मीच लिहायला बसलो. डाव्या डोळ्यावर अजून पट्टी आहे, उजव्याने लिहितोय, ओळी तिरक्या गेल्या तर समजून घे. पोस्टाने पत्र पोचायला उशीर होईल, म्हणून ताई या कागदांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे.

आधी खुशाली. डोळा बरा आहे. थेंब दिवसातून चार वेळा, खाली वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. पोरं शाळेत गेली की घर शांत होतं. मग दुकान आठवतं. आता शटर वर गेलं असेल, आता दूधवाले चहा-साखरेला आले असतील, आता तू अगरबत्तीचे पुडे पुढे लावत असशील. उधारीच्या यादीबद्दल मी आज काही बोलणार नव्हतो. फक्त एवढंच विचारतो, ती गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढलीस का? ताई म्हणते की साधारण अडीच दिवसांच्या आत काढली तरच सगळ्यांच्या फोनवरून जाते, नंतर नाही. तू मंगळवारी रात्री नऊला टाकलीस. म्हणजे उद्या सकाळी नऊपर्यंत वेळ आहे.

ताईने ती मला वाचून दाखवली. एकोणतीस नावं, प्रत्येकापुढे आकडा, वर आपल्या दुकानाचं नाव, आणि खाली ‘आठ दिवसांत भरणा न केल्यास’. सातव्या नावापाशी ती थांबली. शेवंतामावशी, 2340 रुपये. ‘पुढचं वाचू का पप्पा?’ म्हणाली. मी म्हटलं, नको.

तू मला जे म्हणालास, की ‘तुमच्या धर्माने दुकान बुडवलं’, ते मी रात्रभर उलटसुलट करून पाहिलं. रागाने नव्हे. त्यात खरं किती आहे ते बघत होतो. खरं आहेच काही. एक लाख चौऱ्याऐंशी हजारांची उधारी मी तुझ्या गळ्यात टाकून इकडे आलो. घाऊकवाल्याला दहा तारखेला शहाण्णव हजार द्यायचेत, तो थांबणार नाही. फाट्यावर मोठं मार्ट झालंय. तिथे लोक रोख देऊन, रांग लावून माल घेतात आणि महिनाअखेरीला मीठ-मिरची तुझ्याकडून वहीवर नेतात. हे सगळं मला दिसत होतं. ‘प्रभू बघेल’ म्हणून मी हिशेबाकडे पाठ फिरवली असेल, तर तो विश्वास नव्हता, आळस होता. एवढं मी कबूल करतो.

पण संदेश, नावं चव्हाट्यावर मांडायची हे आपल्या घराचं नाही.

बाबांनी ही जागा घेतली तेव्हा नेवाशात आपल्या लोकांचं किराण्याचं दुकान म्हणजे लोकांना नवल होतं. वडाळ्याच्या मिशन बोर्डिंगात शिकलेला माणूस मास्तर व्हायचा, कंपाउंडर व्हायचा, पण गल्ल्यावर बसायचा नाही. पहिली काही वर्षं फक्त आपली वस्ती यायची. बाकीचे आलेच तर रॉकेल न्यायचे, मीठ न्यायचे. पैसे बाबांच्या हातात देत नसत, फळीवर ठेवत. बाबाही सुटे पैसे फळीवरच ठेवायचे. मी लहान होतो, मला वाटायचं दुकानाची रीतच ती.

मग बाहत्तरचा दुष्काळ पडला. मी बारा वर्षांचा. गावची गावं खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामाला गेली. दुकानात माल कमी, रेशनला ती लाल मिलो ज्वारी, पोरांना सुकडी. कामाचा पगार वेळेवर होत नसे. त्या वर्षी बाबांनी लाल कापडी पुठ्ठ्याची वही घातली आणि कुणाला नाही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाला, लोकांनी हळूहळू फेडलं. सगळ्यांनी नाही. पण फळीवर पैसे ठेवणं बंद झालं, लोक हातात द्यायला लागले. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. एकदा मात्र गल्ला मोजताना त्यांनी नुसता आपला तळहात उघडून बघितला होता, तेवढं मला आठवतंय.

मी पुन्हा जुन्या गोष्टीत शिरलो. तू म्हणशील, 1972 आणि आत्ताचं काय. बरोबर आहे. तेव्हा मार्ट नव्हतं, जीएसटी नव्हता, मुलांची फी एवढी नव्हती.

तरी एक सांगू दे, कारण हे माझ्या स्वतःच्या हातून घडलेलं आहे. मी एकोणीस वर्षांचा असताना बाबांनी मला मळ्यात उधारी मागायला पाठवलं. घरात बाई एकटी. पैसे नाहीत म्हणाली. मी सरळ आत गेलो, चुलीशेजारचा तांब्याचा हंडा उचलला आणि घेऊन आलो. मला वाटलं, शाबासकी मिळेल. बाबांनी हंडा बघितला, हात धुतले, पवित्र शास्त्र काढलं आणि ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चोविसावा अध्याय माझ्याकडून वाचून घेतला. शेजाऱ्याला काही उसनं दिलंस तर गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा. जातं गहाण घेऊ नकोस. गरिबाचं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत दे. वाचून झाल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. ऊन भिंतीवर चढलं होतं. मी हंडा खांद्यावर घेऊन भर बाजारातून परत निघालो. आतून तो अजून ओला होता, पाणी मानेवरून सदऱ्यात उतरत होतं. त्या बाईने हंडा घेतला, आडावर जाऊन भरून आणला, आणि आधी मला तांब्याभर पाणी दिलं.

बाहेर उभा राहा. हे मला तेव्हा कळलं आणि मी जन्मभर पाळलं. उधारी मागायला गेलो की उंबऱ्याबाहेर उभा राहायचं, पाहुणे बसलेले दिसले तर दुसरंच काहीतरी विचारून परत फिरायचं. आणि तू जे केलंस ते एका बोटाने एकोणतीस घरांत शिरणं आहे. तुझी यादी त्यांच्या जावयाच्या फोनवर गेली, सोयरिकीला आलेल्या माणसांच्या फोनवर गेली. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभू सांगतो की भावाने तुझा अपराध केला तर जा, दोघेच असताना त्याला सांग. आधी दोघेच. तू तर पहिली पायरी सोडून थेट वेशीत जाऊन उभा राहिलास. रोज आपण प्रभूची प्रार्थना म्हणतो, ‘ऋण्यांस ऋण सोडले आहे’ म्हणतो, आणि त्याच तोंडाने

बघ, मी उपदेश करायला लागलो. तुझी आई असती तर इथेच मला थांबवलं असतं. माफ कर. उंबऱ्याबाहेर उभं राहणं मला सोपं होतं, माझ्या मागे बाबा होते. तुझ्या मागे मी नुसती वही ठेवली.

आणि तू काही वाईट दुकानदार नाहीस. हे मी तुला कधी तोंडावर सांगितलं नाही. तू नऊ वर्षांचा असताना त्या ऊसतोडीवाल्या बाईच्या मागे वीस रुपये घेऊन पार स्टँडपर्यंत धावत गेला होतास. बीडकडची टोळी होती, गाडी सुटायच्या बेतात. धापा टाकत परत आलास आणि मला म्हणालास, ‘दिले’. लॉकडाऊनमध्ये बांबू लावलेल्या गल्लीत लोक जायला घाबरत होते, तेव्हा तू पिशव्या भरून बांबूपाशी ठेवून यायचास. आजच्या यादीतली निम्मी उधारी त्याच दिवसांची आहे ना? तेव्हा पैसे नंतर द्या म्हणून तूच सांगितलं होतंस. तारीख उलटलेला माल तू ज्या काटेकोरपणे बाजूला काढतोस, तसा मी कधी काढला नाही. मंडळीत पाळकसाहेबांनी कापणीच्या सणाला तुझं नाव घेतलं, तेव्हा मी मान खाली घातली होती, कारण डोळे भरले होते.

आता कामाचं. मी फक्त ‘काढ’ म्हणून मोकळा होणार नाही. वही घे आणि दोन पेन्सिली घे, बाबा घ्यायचे तशा. ज्याला जमत नाही त्याच्यापुढे निळी खूण, जो देत नाही त्याच्यापुढे लाल. एकोणतिसांत लाल सहापेक्षा जास्त निघणार नाहीत, मला नावं पाठ आहेत. दारात ट्रॅक्टर आहे, उसाचं पेमेंट झालंय, आणि तरी दुकानासमोरून मान वळवून जातात, ते लाल. त्यांचा माल आजपासून बंद, यात पाप काही नाही. त्यांच्याकडे मी सोमवारी येऊन स्वतः जाईन. निळ्यांना दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो. त्या पगाराच्या दिवशी शंभर-दोनशे, जेवढे देतील तेवढे, आणि वहीवर त्यांच्यासमोर लिहायचं. कांदा निघाला की बाकीचं. निळ्यांनाही मर्यादा घाल, हजाराच्या वर नाही. ही मर्यादा मी घातली नाही, ती माझी चूक. आणि ज्यांचं येणारच नाही ते एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेआधी आपण दोघं बसून खोडू, बाबा खोडायचे तसं, मोठ्याने नाव न घेता.

शहाण्णवपैकी साठ हजार मी देतो. पोस्टातली ठेव मोडायची, ताईला सांगितलंय. ती उजव्या डोळ्यासाठी ठेवली होती, पण उजवा अजून चांगला चालतोय, हे पत्र त्यानेच लिहितोय. नको म्हणू नकोस. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी पुढच्या महिन्यात आहे, शिक्का वर्षाचा असतो, विसरू नकोस. आणि काटा बरोबर हजार ग्रॅमवर थांबला की त्यावर चिमूटभर टाकत जा. तागडीवर झुकतं माप आपोआप पडायचं, आकड्याच्या काट्यावर ते हाताने टाकावं लागतं. दाबून, हालवून, शीग भरून, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे, तू रविवारच्या शाळेत पाठ केलं होतंस.

रविवारी दुकान उघडणार म्हणालास त्याबद्दल नंतर बोलू. तो वाद मोठा आहे, आणि तो थांबू शकतो.

हे थांबू शकत नाही, म्हणून आता खरं कारण लिहितो. विजूकाकाचं आपण घरात कधी बोलत नाही. तू तेव्हा झाला नव्हतास. त्याचं कर्ज फार नव्हतं. मागायला आलेली माणसं मात्र अंगणात उभी राहिली आणि त्यांनी आकडा मोठ्याने सांगितला, सासरची मंडळी बसलेली होती. विजू हसला, चहा सांगितला, पाहुण्यांना फाट्यापर्यंत पोचवून आला. मला वाटलं, निभावलं. पहाटे विहिरीवर कंदील घेऊन बाबा आणि मी गेलो. बाबा मला मागे राहा म्हणत होते. आकडा किती होता ते मला अजून पाठ आहे. ताईने यादी वाचली तेव्हा मला सातवं नाव ऐकू आलं, पण डोळ्यासमोर तो कंदील आला.

शेवंतामावशी तशी नाही, ती खंबीर आहे, तुझ्या जन्माच्या वेळी ताईला सव्वा महिना तिनेच सांभाळलं. पण अकराव्या नावाचं काय? त्याच्या पोरीचं लग्न ठरतंय ना? मी ते नाव लिहीत नाही. तुला माहीत आहे. आज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर त्याच्या घरी जा. आत जाऊ नकोस, बाहेरूनच हाक मार. पैशाचं काढू नकोस. माझं चुकलं, एवढं म्हण. तुला जड जात असेल तर म्हण, पप्पांनी पाठवलंय.

सुनबाईला आशीर्वाद, छोट्याला पापा. लाल वही वरच्या कपाटात तुझ्या आईच्या पितळी डब्याखाली आहे, वाटलं तर बघ.

ताई फोन उशाशी ठेवून झोपणार आहे. यादी काढलीस की नुसता एक मिस्ड कॉल दे, बोलायचं नसेल तर बोलू नकोस. कितीही वाजता दे, मी जागाच आहे.

तुझा,
पप्पा