सेंट क्रॉसच्या डागडुजीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथेड्रलपासून इचेन नदीच्या काठाने दक्षिणेला मैलभर चाललं, की कुरणांच्या पलीकडे हॉस्पिटल ऑफ सेंट क्रॉस दिसतं. निराधार वृद्धांसाठीचा हा आश्रम बिशप हेन्री ऑफ ब्लोआ यांनी ११३० च्या दशकात उभा केला. तेरा अशक्त गरिबांना कायमचा आसरा आणि आणखी शंभर जणांना रोज जेवण, असा त्यांचा नेम. आजही इथे सुमारे पंचवीस ‘ब्रदर्स’ राहतात, काळे किंवा लाल झगे घालून चर्चला जातात. दारावरच्या पोर्टरकडे मागितलं, तर कोणाही वाटसरूला पावाचा तुकडा आणि शिंगाच्या पेल्यात घोटभर एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, मिळते. आमच्यातले काही नुसत्या पावावर थांबतात, तो भाग वेगळा. पण आपल्याकडचं सदावर्त आठवतंच.

चर्च मात्र सवडीने बघा. बांधकाम पूर्वेकडून सुरू झालं आणि दीड शतकाहून अधिक चाललं. त्यामुळे जाडजूड खांबांच्या, जुन्या नॉर्मन शैलीतल्या गोल कमानी मागे टाकत पश्चिमेकडे निघालात, की नंतरच्या गॉथिक शैलीतल्या टोकदार कमानी लागतात. बाहेर चौकाच्या कडेने ब्रदर्सची घरं आहेत, उंच धुराड्यांची रांगच्या रांग. ती विंचेस्टरचे नंतरचे बिशप कार्डिनल बोफर्ट यांच्या काळातली. चांगल्या घरातल्या, पण दिवस फिरलेल्या माणसांसाठी त्यांनी १४४५ मध्ये आश्रमाला नवी जोड दिली. लाल झगा या माणसांचाच.

या वास्तूने पैशांचा घोळही पाहिला आहे. १८०८ मध्ये तेव्हाच्या बिशपने आपल्याच मुलाला इथला मुख्य नेमलं. पुढे त्याला अर्ल ऑफ गिलफर्ड ही पदवी मिळाली. आश्रमाचं उत्पन्न वर्षानुवर्षं त्याच्या खिशात जात राहिलं. लोकांनी तक्रार लावून धरली, प्रकरण कोर्टात गेलं आणि १८५३ मध्ये निकाल त्याच्या विरोधात लागला. देणगीदाराने हिशेब मागणं यात काही वावगं नाही, असं म्हणूनच आम्हाला वाटतं.

इतक्या जुन्या दगडाची, चुन्याची, लाकडी छपरांची डागडुजी कधी संपत नाही. यंदा गणेशोत्सवाच्या वर्गणीबरोबर मंडळ सेंट क्रॉससाठी वेगळा निधी गोळा करत आहे. दर घरटी १० पौंड दिलेत तरी पुरे. प्रत्येकाला पावती मिळेल, निधी मंडळाच्या खर्चात मिसळला जाणार नाही आणि जमा-खर्चाचा कागद वार्षिक सभेत सर्वांसमोर ठेवला जाईल.

पैशांखेरीज दोन कामं आहेत. उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या आईवडिलांना आपण इथे घेऊन जातो, पण त्यांच्या हाती मराठीत माहिती देणारा कागद नाही. तो लिहायला दोघं-तिघं हवेत. वास्तुकलेचं शिक्षण घेतलेलं कोणी असेल तर फारच उत्तम. शिवाय ज्यांना चालवत नाही अशा ज्येष्ठांसाठी एखाद्या शनिवारी गाडी देणारेही हवेत. ही कामं जमतील त्यांनी, आणि निधी देऊ इच्छिणाऱ्यांनीही, आरतीनंतर खजिनदारांच्या टेबलापाशी नाव नोंदवावं.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी