सक्शन लाइनचा लॉस न धरता पंप निवडून दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्री व सेवा विभाग

तुमच्या सेवा विभागाशी आज माझे पाचव्यांदा बोलणे झाले. फोनवर काही निष्पन्न होणार नाही याची खात्री पटल्यामुळे आता लेखी कळवत आहे.

पंप घेण्यापूर्वी मी मोजमापांसह आराखडा पाठवला होता. उघड्या टाकीतील पाणी पंपापेक्षा 4.5 मीटर खाली, 50 मिलिमीटरची 12 मीटर सक्शन लाइन (पाणी पंपाकडे ओढणारा पाइप), दोन एल्बो, तळाशी पाणी मागे न जाऊ देणारा जाळीचा फूट व्हॉल्व्ह आणि गरज तासाला 20 घनमीटर. त्यावरून तुम्ही 3 मीटर एनपीएसएच (पाण्याची आत वाफ होऊ नये म्हणून पंपाच्या तोंडाशी बाष्पदाबाच्या वर हवा असलेला दाब) लागणारा पंप दिलात. वातावरणाच्या 10.3 मीटर दाबातून 4.5 मीटर उचल आणि बाष्पदाबाचा सुमारे अर्धा मीटर वजा केला की 5 मीटरहून अधिक उरते आणि कागदावर सगळे जमते. परंतु एवढ्या प्रवाहाला त्या लाइनमध्ये घर्षण, एल्बो आणि फूट व्हॉल्व्ह मिळून साडेतीन मीटरच्या पुढे लॉस (दाबातली घट) जातो, तो तुमच्या हिशेबात कुठेही नाही. पंपाच्या तोंडाशी 2 मीटरसुद्धा शिल्लक राहत नाहीत, म्हणून पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन ते पंपाच्या आत फुटतात.

पहिल्या दिवसापासून पंप आत खडी फिरत असल्यासारखा वाजतो. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळला की आवाज थांबतो, पण पाणीही कमी येते. तुमच्या सांगण्यावरून बेअरिंग बदलून झाले. चौथ्या महिन्यात पंप खोलला तेव्हा इम्पेलरच्या (पाणी फेकणाऱ्या फिरत्या चाकाच्या) पात्यांवर, पाणी आत शिरते त्या कडेपाशी, नखाला लागतील असे खड्डे पडलेले होते.

आज मी फोन पंपाजवळ धरून तो आवाज ऐकवला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “पाणी चढतंय ना? मग सक्शनचं काय घेऊन बसलात?” मी लॉसचे आकडे वाचू लागले, तेव्हा त्यांनी मला मध्येच तोडले, “मॅडम, हे टेक्निकल आहे. साइटवरच्या कोणा माणसाकडे फोन द्या.” साइटवर मीच होते. टेप लावून लाइन मी मोजली आहे, आराखड्यावर सही माझी आहे. तसे सांगताच “पाइप आमचा नाही” म्हणून त्यांनी फोन ठेवला. पाइप तुमचा नाही, हे मान्य. पण तो केवढा आहे हे तुम्हाला लेखी कळवलेले होते. 80 मिलिमीटरची लाइन टाका, एवढे एक वाक्य त्या वेळी सांगितले असते तर हाच लॉस अर्ध्या मीटरच्या आसपास आला असता.

नवा इम्पेलर आणि लाइन बदलण्याचा खर्च कंपनीने द्यावा, तसेच सक्शनचा लॉस धरून केलेला निवडीचा हिशेब सहीनिशी पाठवावा. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी कायदेशीर मार्ग धरीन. तुमचे आधीचे दोन पंप वर्षानुवर्षे बिनतक्रार चालले, म्हणून या वेळी मी दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नव्हती.