टीव्हीचा पिन

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न.

चिनू तुमच्याकडून येऊन आठ दिवस झाले, पण रात्री बाथरूमला एकटा जायला तयार नाही. काल पांघरुणात शिरून हळूच म्हणाला, "स्पायडरमॅनने त्या मुलीला मोठ्ठी सुई टोचली. ती रडत होती नि तो हसत होता." आबांच्या टीव्हीवर बघितलं म्हणे, आजी भात भरवत होती तेव्हा.

आई, लगेच मनाला लावून घेऊ नकोस. तू बडबडगीतच लावलं असणार. पुढचं आपोआप लागत जातं, आणि पात्र ओळखीचं म्हटल्यावर मोठ्यांनाही संशय येत नाही. २०१७ साली 'एल्सागेट' म्हणून यावरूनच जगभर ओरड झाली होती. वरून एल्सा, स्पायडरमॅन, पेपा पिग आणि आतला माल भलताच. मुलांसाठीच्या यूट्यूब किड्समध्येसुद्धा तो शिरला होता.

बाबा, वायफायवाल्याला राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) १.१.१.३ टाकायला सांगा. अश्लील साइट त्याने अडतात. पण यूट्यूबच्या आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही, तो फक्त दारावरची पाटी वाचतो. त्यामुळे टीव्हीवर चिनूसाठी यूट्यूब किड्सच ठेवू, आणि त्यातही आपण मंजूर केलेलंच दिसेल अशी सोय आहे, ती मी व्हिडिओ कॉलवर लावून देते. मोठ्यांच्या यूट्यूबला, टीव्हीत सोय असेल तर, पिन. साहेबांना अजून जोडाक्षरं येत नाहीत, पण रिमोटच्या माइकमध्ये बोलून हवं ते शोधतात! आणि पिन म्हणून तुमचं जन्मवर्ष नको. ते त्याने कधीच हेरलंय.

मला खरं लागलं ते वेगळंच. "आठ दिवस का नाही सांगितलंस?" विचारलं, तर म्हणाला, "मग तू टीव्ही बंद करशील ना." हे माझ्याच कर्माचं फळ. मागे असंच काहीतरी दिसल्याचं त्याने सांगितलं, तेव्हा मी आधी मोबाइल हिसकावला होता. तेव्हा तुमच्याकडे त्याने असलं काही सांगितलं, तर रिमोटला हात लावायच्या आधी सगळं ऐकून घ्या. मीही तेच शिकतेय.

जेवताना चिऊकाऊ चालेल का, आई? इथे मीच वरणभाताबरोबर मोबाइल वाढते, तर तुला कोणत्या तोंडाने सांगू. रविवारी अकराला फोन करते. बाबा, चष्मा आणि रिमोट जवळ ठेवा, आणि नवा पिन मोठ्याने वाचू नका, चिनू शेजारीच असेल.

तुमची,
ताई